‘परीक्षा झाली की येतो’

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात राहिलेल्या मुलाचे घर भांडणाने तुटत नाही. घरच्यांनीच त्याला पाठवलेले असते, पैसे तेच पुरवतात, फोनही रोज होतो. तरी तीन-चार वर्षांनी पाहावे तर दोन्हीकडे एकमेकांविषयी खरे असे फारसे काही ठाऊक उरलेले नसते. नांदेड, परभणी, बीड, बुलढाणा, यवतमाळ, सोलापूर अशा जिल्ह्यांतून सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास येऊन राहणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हे इतक्या नेमाने घडते, की त्याला एकेकाचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. तयारी करण्याच्या रूढ रीतीतच ते मुरलेले आहे. या तरुणांचे स्वतःचे अनुभव, अभ्यासिका आणि मेस चालवणाऱ्यांनी पाहिलेले, नोकरीला लागून गेलेल्यांनी किंवा हात हलवत गावी परतलेल्यांनी मागाहून सांगितलेले असे सगळे एकत्र ठेवले, तर त्याचा क्रम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

आधी परीक्षेची चौकट. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार ही पदे तिच्यातून भरली जातात. पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी यांच्यासाठी वेगळी परीक्षा असते आणि पुष्कळ जण दोन्हींना बसतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने नोकरीप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे केली. केंद्रीय लोकसेवा आयोग खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहाच संधी देतो. राज्य आयोगानेही ३० डिसेंबर २०२० रोजी संधींवर अशीच मर्यादा घातली होती, पण २०२२ मध्ये ती मागे घेतली. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन पुण्यात उतरलेल्या मुलापुढे नियमाने पंधरा वर्षे मोकळी असतात. वयोमर्यादा वाढवा ही मागणी उमेदवारांचीच होती आणि ती रास्तही होती, कारण जाहिराती वेळेवर निघत नव्हत्या. मात्र आता थांब, असे सांगणारे बाहेरचे कोणी त्यामुळे उरले नाही. पुढचे बरेच काही या एका गोष्टीशी येऊन अडते.

जागा किती आणि इच्छुक किती, हे गणित कोणापासून लपलेले नाही. २०२० च्या राज्यसेवेसाठी २०० जागा होत्या आणि उमेदवार अडीच लाखांच्या घरात. तरीही घर सोडण्याचा निर्णय वेडेपणाचा नसतो. गावात दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांची ये-जा असते, वीज जाते, पेरणीच्या दिवसांत घरात बसलेल्या धडधाकट मुलाला पुस्तक धरू दिले जात नाही आणि धरू द्यावे अशी अपेक्षाही बरोबर नाही. शिवाय अधिकारी झालेल्या मुलाचा फ्लेक्स तालुक्याच्या चौकात लागलेला असतो. त्याची मिरवणूक निघते, वर्तमानपत्रात मुलाखत येते आणि तिच्यात हमखास एक वाक्य असते: दोन वर्षे घरी गेलो नाही, एकाही लग्नाला गेलो नाही. हेच वाक्य वाचून नंतरची तुकडी घर सोडते. तितकीच वर्षे घरी न गेलेल्या आणि निवड न झालेल्या हजारोंच्या मुलाखती कोणी छापत नाही. घरी न गेल्यामुळे यश मिळाले की घरी न जाऊनही मिळाले, याचा निवाडा त्यामुळे कधी होतच नाही.

पुण्यातला दिवस साधारण एकसारखा असतो. कॉट बेसिसवर घेतलेली खोली, एका खोलीत चार-पाच जण. सकाळी सहा-सातला अभ्यासिका. तिथे महिन्याचे पैसे भरून ठरलेली खुर्ची, समोर लाकडी आडोसा, त्यावर वेळापत्रक आणि पदाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. दुपारी मेस, मग पुन्हा खुर्ची. संध्याकाळी टपरीवर चहा आणि चालू घडामोडींवर चर्चा. रात्री मेस, पुन्हा खुर्ची. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून त्या रात्री वडापाव किंवा भुर्जी. खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तके आणि टेस्ट सिरीज मिळून महिन्याला आठ ते बारा हजार रुपये लागतात, क्लासची फी वेगळी. या दिनक्रमात आजूबाजूला माणसे पुष्कळ असतात. एकटेपणा म्हणजे रिकामी खोली, असे जे चित्र डोळ्यांसमोर येते ते इथे लागू पडत नाही. पण भोवतीची सगळी माणसे एकाच वयाची, एकाच परीक्षेला बसलेली आणि एकमेकांची स्पर्धक असतात. लहान मूल, म्हातारे माणूस, आजारी माणूस, परीक्षेशी काही देणेघेणे नसलेले माणूस यांपैकी कोणी महिनोन्‌महिने नजरेला पडत नाही. कट-ऑफ किती लागेल, याखेरीज दुसरे काही विचारणारे कोणी भेटत नाही.

पहिल्या वर्षी जाणे-येणे बरे असते. महिना-दीड महिन्याने मुलगा गावी जातो, येताना पिशवीत चिवडा, लोणचे, शेंगदाण्याची चटणी. आई मेसच्या जेवणाबद्दल खोदून विचारते आणि तो खरे सांगतो. पहिली पूर्व परीक्षा जाते तेव्हा कोणाला फार वाईट वाटत नाही. पहिलाच अटेम्प्ट होता. फरक पडतो तो दुसऱ्या अपयशानंतर. सणावारी घरी जाणे नकोसे होऊ लागते आणि कारण म्हणून अभ्यासाचा वेळ पुढे केला जातो. खरे कारण वेळेचे नसते. दिवाळीचे चार दिवस गेल्याने कोणाची पूर्व जात नाही, हे त्यालाही कळत असते. टाळायचा असतो तो पारावरचा, बसस्टँडवरचा, लग्नाच्या मांडवातला प्रश्न. ‘काय करायलास सध्या?’ किंवा त्याहून सरळ, ‘लागला का नंबर?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. भेटल्यावर हवापाण्याचे विचारावे तसे तो विचारतो. पण त्याच मांडवात बरोबरचा एक जण कारखान्यात चिकटलेला, दुसऱ्याचे दुकान सुरू झालेले, तिसऱ्याच्या कडेवर मूल असते आणि या मुलाजवळ मागच्या वर्षीचेच उत्तर असते. मग चुलत बहिणीचे लग्न चुकते, पोळा चुकतो, गावची जत्रा चुकते. दिवाळीत अभ्यासिकेत थांबलेल्यांना पुण्यातल्या काही संस्था आणि मंडळी फराळ नेऊन देतात. ही चांगुलपणाची गोष्ट आहे. तो फराळ घेणाऱ्या अनेकांचे गाव एका रात्रीच्या एसटीवर असते, हेही खरे.

इथपर्यंत आले की एक प्रतिज्ञा तयार होते: आता पोस्ट काढूनच गावात पाय ठेवायचा. ऐकायला ही बाणेदार वाटते आणि खोलीतले मित्र तिला मानही देतात. तिचा व्यवहारातला अर्थ मात्र असा, की घरी जाणे ही नेहमीची गोष्ट न राहता बक्षीस होऊन बसते. बक्षीस मिळेपर्यंत जायचे नाही, आणि ते मिळण्याची तारीख आपल्या हातात नाही. ती किती हातात नाही, हे २०२० च्या राज्यसेवेने दाखवून दिले. ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली पूर्व परीक्षा करोनामुळे पुढे गेली, सप्टेंबरवर आली, मग ऑक्टोबरवर, मग १४ मार्च २०२१ वर. ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस उरले असताना, ती पुन्हा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले, रस्ता अडला, आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. मुख्य परीक्षेला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेची परीक्षा त्याच दिवशी आल्याने आणि कृषी सेवेच्या जागांच्या मागणीवरून पुन्हा आंदोलन झाले आणि २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा पुढे गेली. त्या वेळी परीक्षा पुढे ढकला ही मागणी विद्यार्थ्यांचीच होती, हे नोंदवले पाहिजे. दोष कोणाचा हा वेगळा विषय आहे. ‘परीक्षा झाली की येतो’ असे आईला सांगितलेल्या मुलाचे येणे मात्र दर वेळी आपोआप पुढे सरकत जाते आणि प्रत्येक वेळी त्याचे कारण खरे असते.

फोन चालू असतो, म्हणून नाते चालू आहे असा समज होतो. पण वर्षे जातात तसतसे त्या फोनमधले बोलणे आटत जाते. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, पैसे पाठवू का. तिकडून इतके, इकडून ‘हो’, ‘चांगला चाललाय’, ‘आहेत अजून’ इतके. दोन मिनिटांत फोन संपतो. या दोन मिनिटांत दोन्ही बाजू बरेच काही लपवतात, आणि प्रेमापोटी लपवतात. घरी वडिलांना दवाखान्यात ठेवलेले असते, गारपिटीने हरभरा गेलेला असतो, म्हैस विकलेली असते, सोसायटीचे कर्ज थकलेले असते. ‘त्याला सांगू नका, त्याची परीक्षा आहे’ असे घरात ठरते. आजी गेल्याची बातमी मुख्य परीक्षा उरकल्यावर कळली, असे सांगणारे या पेठांत एक-दोन नाहीत. ज्याला असे उशिरा कळते त्याला दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट कळून चुकते: आपल्यावाचून घर चालते आणि चालवले जाते. इकडे मुलगाही पूर्व गेली हे सांगत नाही, ‘निकाल लागायचाय’ म्हणतो. क्लास मध्येच सोडला, रात्री हिशेब लिहायच्या किंवा पार्सल पोहोचवायच्या कामाला लागला, एक वेळची मेस बंद केली, हे सांगत नाही. कट-ऑफला वीस गुण कमी पडले असतील तर घरी दोन सांगतो. हे खोटे निरुपद्रवी वाटते, पण सगळ्यात जास्त नुकसान तेच करते. दोन गुणांनी गेलेल्या मुलाला कोणता बाप ‘परत ये’ म्हणेल? तो आणखी एक वर्ष पैसे पाठवतो.

यातला खरा धोका नैराश्य हाच आहे असे सहसा मानले जाते. तो आहेच, पण त्याच्या आधीचा आणि अधिक सार्वत्रिक धोका वेगळा आहे. माणूस थांबू शकत नाही. एखादी महत्त्वाकांक्षा सोडायची तर ती सोडली तरी आपण कोणाचे तरी कोणी आहोत, हे आतून ठाऊक असावे लागते. ज्याची ओळख पाच वर्षांत ‘तयारी करणारा’ एवढीच उरली आहे, त्याला तयारी सोडल्यावर उरणार काय हे दिसत नाही. ‘पुरे झाले, घरी ये, आपण बघू काहीतरी’ हे सांगण्याचा अधिकार घराला असतो. रूम पार्टनर ते सांगू शकत नाही, तो स्वतः त्याच वाटेवर आहे. क्लासवाल्याने ते सांगावे अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आयोगाचे काम अर्ज घेणे आहे. ज्या घराने हे सांगायचे, त्याच्याजवळ खरी माहितीच पोहोचलेली नसते. त्यामुळे सात-आठ वर्षे तयारी करणाऱ्यांमध्ये जिद्दीने टिकलेले किती आणि कोणी थांबवलेच नाही म्हणून राहिलेले किती, हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना स्वतःलाही ते सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२३ मधल्या आंदोलनातही याची एक खूण दिसली. मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ न ठेवता वर्णनात्मक करण्याचा बदल २०२३ पासून लागू होणार होता. तो पुढे ढकलावा म्हणून विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर बसले आणि आयोगाने अंमलबजावणी २०२५ वर नेली. नव्या पद्धतीच्या गुणदोषांवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण जुन्या पद्धतीत चार-पाच वर्षे घालवलेल्यांचा विरोध त्या वर्षांपोटी होता. इतके घातले आहे, आता ते वाया कसे जाऊ द्यायचे. एकट्याने मांडलेल्या हिशेबात गेलेली वर्षे नेहमी जमेच्या बाजूला धरली जातात. ती खर्चात पडली, हे सांगायला दुसरे माणूस लागते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने काही महिन्यांपुरता हा सगळा व्यवहार उलटा करून दाखवला. मेस बंद, अभ्यासिका बंद, म्हणून हजारो मुले मिळेल त्या वाहनाने गावी गेली आणि कित्येक वर्षांनंतर प्रथमच महिनोन्‌महिने घरात राहिली. दोन्हीकडची लपवाछपवी तेव्हा उघडी पडली. कोणाला बापाचा रक्तदाब कळला, कोणाला आपल्या मेसच्या पैशांसाठी धाकट्या भावाचे इंजिनिअरिंग राहिल्याचे कळले, तर घरच्यांना मुलाची पोटाची तक्रार, त्याचे रात्र-रात्र जागणे आणि निकालांची खरी यादी कळली. काही जण त्यानंतर पुण्याला परतलेच नाहीत. परतलेल्यांतल्या काहींनी नंतर सांगितले, की अभ्यास तितकाच झाला, पण छातीवरचे ओझे कमी झाले. सगळ्यांचे असे झाले नाही. ज्यांच्या घरात रोज भांडण होते, त्यांना ती टाळेबंदी पेठेतल्या खोलीपेक्षा जड गेली. घर म्हणजे आधार हे गृहीत धरून चालत नाही.

शरीरावर होणारे परिणाम नवे नाहीत आणि ते थोडक्यात सांगता येतात. आम्लपित्त, पाठदुखी, चष्म्याचा वाढता नंबर, झोप उडणे, जेवणाची वेळ न राहणे. मनाचे दुखणे यांच्या आडून येते, म्हणून लवकर ओळखू येत नाही. ते आधी कोणाच्या लक्षात येते, हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळदा ते मेस चालवणाऱ्या काकूंच्या लक्षात येते. दोन दिवस डबा तसाच परत आला, ताटावर बसून मुलगा बोलेनासा झाला, उधारी मागायच्या आधीच तो चुकवून जाऊ लागला. अभ्यासिकेच्या मालकालाही खुर्ची रिकामी दिसते, पण ती सोडून गेल्यामुळे की आजारपणामुळे हे कळत नाही. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ वर मराठीतूनही बोलता येते. तो क्रमांक काही अभ्यासिकांच्या भिंतींवर चिकटवलेला असतो. पण ज्याने स्वतः फोन लावून बोलायचे, त्याच्याकडून तेवढी हालचालही अशा दिवसांत होत नाही. शेजारच्याने लावून द्यावा लागतो. जिवावर बेतण्याचे एक वेगळेच उदाहरण दिल्लीने दिले. २७ जुलै २०२४ रोजी ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी घुसून तीन उमेदवार बुडून मेले. घरापासून लांब, परवान्याची चौकशी न करता मिळेल त्या जागेत बसणे हाही याच जीवनाचा भाग आहे. मूल कुठल्या खोलीत राहते आणि बसते हे पाहायला घरचे कोणी आलेले नसते.

शिक्षणासाठी घर सोडणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात वार लावून जेवणारे विद्यार्थी होते. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे. त्यात अपमान होता, ताटाकडे आणि माणसाकडे पाहण्याच्या नजरा होत्या, आणि हा आसरा जातीच्या कुंपणात होता, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण सात घरांतल्या कोणा ना कोणा बाईमाणसाला मुलाचा चेहरा रोज दिसत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, ती कुंपणे ओलांडण्यासाठी आणि मोडण्यासाठी. साताऱ्याच्या बोर्डिंगात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने विकले हे सर्वज्ञात आहे. तिथे रेक्टर नावाची सोय नव्हती, घरातले माणूस होते. आजच्या कॉट बेसिस खोलीत भाडे वेळेवर येते की नाही याखेरीज कोणाला काही पाहायचे नसते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांनी विद्यावेतनाची सोय केली आणि तिने अनेकांच्या घरावरचा भार हलका केला. पण ती पैशाची सोय आहे. पैसे घरून यायचे थांबले की महिन्याचा एक फोनही कमी होतो, असाही अनुभव आहे.

मुलींची गोष्ट निराळी असते. घराशी त्यांचा संबंध सहसा सैल पडत नाही, उलट तो दोरीसारखा ताणलेला राहतो. ‘दोन वर्षे देतो, मग लग्न’ असे आधीच बजावून पाठवलेले असते. मध्येच गावी बोलावले जाते ते पाहुणे येणार म्हणून. मुलाला मुदत नसते आणि मुलीला ती तिच्या संमतीवाचून घातलेली असते. या अन्यायाचा एक विचित्र उपपरिणाम म्हणजे मुली अधिक वेळा दुसरी परीक्षा, बँक, शिक्षक भरती असे पर्याय हाताशी ठेवून तयारी करतात. ज्या घरी न सांगता लग्न टाळत राहतात, त्यांच्यावरचा ताण मुलांपेक्षा दुप्पट असतो. त्यांना अपयशही लपवायचे असते आणि इच्छाही.

निवड झाली म्हणजे सगळे भरून निघते असेही नाही. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला. निवडलेले ४१३ उमेदवार मराठा आरक्षणाच्या न्यायालयीन प्रकरणामुळे वर्षाहून अधिक काळ नियुक्तीविना राहिले. गावाने हार घातलेला अधिकारी परत शेतात उभा. अशा वेळी घराशी बोलणे चालू ठेवलेला माणूस तरतो, कारण त्याला सोंग आणावे लागत नाही. रुजू झाल्यावरही बऱ्याच जणांना घरात पाहुण्यासारखे वाटते. आई त्याच्यासाठी वेगळे ताट मांडते, भावंडे जपून बोलतात. सात वर्षांपूर्वी गेलेला पोरगा त्यांच्या आठवणीत असतो, आलेला माणूस दुसराच असतो.

निवड न होता पस्तिशीत परतणाऱ्यांची अडचण अधिक ठोस असते. शेत धाकट्याने सांभाळलेले, कर्ज त्याने फेडलेले, आईवडिलांचे दवाखाने त्यानेच केलेले. वाटणीचा विषय निघाला की पुण्याला गेलेले पैसे मोजले जातात आणि ते मोजणे चूक आहे असे म्हणता येत नाही. लग्नाचे वय टळलेले असते. हातात पदवी असते, पण कामाचा अनुभव म्हणून सांगायला काही नसते. यांतले काही क्लासमध्ये शिकवू लागतात, काही खोलीवाल्याचे दलाल होतात, काही स्वतः अभ्यासिका काढतात आणि नव्या तुकडीला खुर्च्या भाड्याने देतात.

ज्यांचे फार नुकसान झाले नाही त्यांच्या वागण्यात काही गोष्टी सारख्या आढळतात. त्यांनी निघतानाच घरात बसून किती परीक्षा द्यायच्या हे मोकळेपणाने ठरवले होते आणि वडिलांना प्रत्येक निकालाचे खरे गुण सांगितले होते. घरी जाण्याच्या तारखा आयोगाच्या वेळापत्रकावर टांगलेल्या नव्हत्या. दर दोन महिन्यांनी अमुक शनिवार, मग परीक्षा असो वा नसो. घरच्यांपैकी एकाने तरी एकदा येऊन खोली, मेस आणि अभ्यासिका पाहिलेली होती. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा होतो. अभ्यासिकेत समोरासमोर बसलेली दीडशे-दोनशे मुले पाहिलेला बाप गावी जाऊन ‘लागला का नंबर’ विचारणाऱ्यांना स्वतःच उत्तर देऊ लागतो. बातमी न लपवण्याचा करारही काहींनी केला होता. घरात कोणी आजारी पडले तर त्याच दिवशी कळवायचे, परीक्षा उद्या असली तरी. असे केल्याने एखादी पूर्व गेल्याचीही उदाहरणे आहेत.

अलीकडे तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायतींच्या, नगरपालिकांच्या आणि खासगी अभ्यासिका निघाल्या आहेत आणि व्याख्याने मोबाइलवर मिळू लागल्याने पुण्याला गेलेच पाहिजे ही सक्ती ढिली झाली आहे. तिथे अडचण उलट्या बाजूची येते. अभ्यासिका घरापासून दहा मिनिटांवर असेल तर दुपारी मोटर चालू करायला, खत आणायला, पाहुण्यांना स्टँडवर सोडायला हाक येतेच. म्हणून काही घरांनी मधला मार्ग काढला आहे. तयारी छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती किंवा सोलापुरात करायची, जिथून शनिवारी संध्याकाळी निघाले तर रात्री जेवायला घरी पोहोचता येते, आणि पुण्याला फक्त मुख्य परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या तयारीपुरते चार-सहा महिने जायचे. खर्च निम्म्यावर येतो. मार्गदर्शन पुण्याइतके मिळत नाही, स्पर्धेचा अंदाजही येत नाही, आणि पेठेत राहून आलेल्या मुलांपुढे सुरुवातीला बुजल्यासारखे होते, अशी तक्रार हे तरुण करतात.